बोळक्यातली साखर



 

‘वय झालं, दात जाणारच’ हे वाक्य आपल्या दवाखान्यात रोज ऐकू येतं, आणि खरं सांगायचं तर आपणही त्याला मान डोलावतो. जपानने 1989 मध्ये ऐंशीव्या वर्षी स्वतःचे वीस दात टिकवण्याची मोहीम सुरू केली. तेव्हा हे जमणारे दहात एकापेक्षाही कमी होते. 2016 च्या पाहणीत ते निम्म्याहून अधिक निघाले. म्हणजे दात म्हातारपणाने जात नाहीत. ते किडीने, हिरड्यांच्या रोगाने आणि आपल्याकडे मिसरीने जातात.

दात गेले की ताट बदलतं. लांजा तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत जा. मुलं मुंबईला, घरात दोन म्हातारी माणसं. नाचणीची भाकरी चावत नाही, उसळ नको, काकडी-गाजर तर विसराच. मग उरतं काय? मऊ भात, पेज आणि चहात बुडवलेला बटर. तंतू कमी, प्रथिनं कमी, पिष्ट भरपूर. जेवणानंतर रक्तातली साखर चढायला आणखी काय हवं? प्रथिनं घटली की स्नायू झडतात, आणि साखर खर्च करणारा मोठा अवयव तर स्नायूच.

मधुमेहाकडे नेणारी दुसरी वाट हिरड्यांतून जाते. तिथली जुनाट सूज तिथेच थांबत नाही. दाह वाढवणारे घटक रक्तात उतरतात आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. उलट, वाढलेली साखर हिरड्या आणखी पोखरते. मधुमेह्याच्या हिरड्यांवर नीट उपचार केले तर तीन-चार महिन्यांत त्याचं एचबीए1सी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर) साधारण 0.4 टक्के-अंकांनी उतरतं, हे चाचण्यांतून दिसलं आहे.

मात्र दात गेले म्हणून मधुमेह झाला, असं सरसकट म्हणू नका. तंबाखू आणि गरिबी दोन्हीकडे हात मारतात. त्यांचा परिणाम वेगळा काढणं सोपं नाही.

आपल्याकडे आणखी एक फसगत होते. पाश्चात्त्य पुस्तकांतला मधुमेही लठ्ठ असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलं की भारतीय माणूस वरून बारीक आणि आतून चरबीचा असू शकतो. बोळक्या तोंडाची काटकुळी आजी समोर बसली की तिची साखर तपासायचं कुणाच्या मनातही येत नाही.

कवळी दिली म्हणजे काम संपलं, हाही आपला गोड गैरसमज. पूर्ण कवळीने चावण्याचं बळ नैसर्गिक दातांच्या चौथाईवर येतं, आणि काय खावं हे कुणी सांगितलं नाही तर माणूस पेजेवरच राहतो. त्याला कुळथाची पिठी, वाटलेली उसळ, काटे काढलेला मासा, उकडलेलं अंडं सांगा. ही सल्ल्याची दोन मिनिटं फीमध्ये धरलेली नसतात, ठाऊक आहे मला.

दंतवैद्यांनो, साठीपुढच्या माणसाचा दात काढण्याआधी त्याची साखर बघा. फॅमिली डॉक्टरांनो, मधुमेह्याला जीभ दाखवायला सांगता, तेव्हाच हिरड्याही पाहा. आणि आपल्या चिठ्ठ्या एकमेकांकडे पाठवायला या आठवड्यापासूनच सुरुवात करा.