रकान्याचा हट्ट

२०१४ साली गूगलने ‘मटेरियल डिझाइन’ ही पडद्यावरच्या मांडणीची पद्धत जाहीर केली, तेव्हा तिच्यातला मजकूर लिहायचा रकाना म्हणजे नुसती एक आडवी रेघ होती. कागदी अर्जावर रेघ दिसली की माणूस पेन टेकवतो, मग पडद्यावर का नाही? पण पडद्यावर यादीतल्या दोन नोंदी वेगळ्या करणारीही रेघच असते. बोट नेमके कुठे टेकवायचे, याचा गोंधळ होऊ लागला. गूगलने ६०० जणांना घेऊन दोन चाचण्या केल्या, तेव्हा बंदिस्त चौकोनी रकाना रेघेपेक्षा सरस ठरला. २०१८च्या सुधारणेत रकान्याला फिकट पार्श्वभूमी किंवा पुरती चौकट मिळाली. देखणेपणाच्या हौसेपायी गेलेली चौकट चार वर्षांनी परत आली.

रकान्याचे नाव रकान्यातच फिकट अक्षरांत लिहायचे, हीसुद्धा तसलीच हौस. जागा वाचते खरी. पण पहिले अक्षर उमटताच ते नाव गडप होते. अर्ज भरताना मध्येच फोन आला, की परतून पाहणाऱ्याला ‘भोर’ हे आडनावाच्या रकान्यात पडले की गावाच्या, हे सांगायला पडद्यावर काहीच उरलेले नसते. २०१३ मध्ये मॅट स्मिथ या डिझायनरने तोडगा काढला: टाइप करू लागताच नाव लहान होऊन वर सरकते. ब्रिटिश सरकारी संकेतस्थळांची रीत याहून साधी आहे. नाव रकान्याच्या वर, कायमचे. तीच बरी.

आकड्यांच्या रकान्यात खरी मेख आहे. पिनकोड, खाते क्रमांक, ओटीपी हे आकड्यांत लिहिले जातात, पण त्यांची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही. ते संख्या म्हणून साठवले, की खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये उडतात. संख्येसाठीच्या रकान्यात माउसचे चाक नकळत फिरले, तरी आकडा बदलू शकतो. या आणि अशा अडचणींमुळे ब्रिटिश सरकारच्या डिझाइन चमूने २०२० मध्ये साधा मजकुराचा रकाना आणि सोबत आकड्यांचा कीबोर्ड, अशी शिफारस केली.

दहा अक्षरांची मर्यादा घातलेला मोबाइल क्रमांकाचा रकानाही असाच. कोणी संपर्कयादीतला क्रमांक ‘+९१’ आणि मधल्या मोकळ्या जागांसकट आणून चिकटवला, की शेवटचे आकडे गुपचूप कापले जातात आणि वर लाल अक्षरांत ‘क्रमांक चुकीचा आहे’ अशी दटावणी येते. चूक कोणाची? बँकेच्या शाखेचा आयएफएससी कोडही पाहा. त्यात ११ अक्षरे असतात आणि पाचवे अक्षर नेहमी शून्य असते. तिथे कोणी इंग्रजी ‘ओ’ टाइप केला, तर तो मुकाट्याने शून्य करून घेणे यंत्राला सहज जमते. तरीही अनेक ॲप वापरणाऱ्यालाच परत पाठवतात, कारण तपासणी लिहिणाऱ्याच्या डोक्यात एकच साचा असतो.

मराठीत टाइप करणाऱ्याची कथा वेगळीच. ‘श्रीकृष्ण’ हे नाव डोळ्यांना तीन अक्षरी. संगणकासाठी लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या हिशेबात मात्र पायमोड, वेलांटी, ऋकार धरून नऊ चिन्हे. त्यामुळे अक्षरमर्यादा मराठी नावाला फार लवकर गाठते. नावात ‘फक्त अक्षरे चालतील’ अशी तपासणी लावणारे प्रोग्रॅमर अनेकदा मात्रांचा वर्ग विसरतात; युनिकोडमध्ये मात्रा आणि पायमोड अक्षरांत मोडत नाहीत. मग ‘कमल’ बिनबोभाट पुढे जाते आणि ‘श्रीकृष्ण’ विशेष चिन्हे वापरल्याबद्दल अडकतो. रकान्याची उंची इंग्रजीच्या मापाने ठरवली असेल, तर वरचा रफार आणि खालचा उकार छाटला जातो, तो भाग निराळाच.

देवनागरी अंकांचेही तेच. जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेला ‘१२’ची संख्या करायला सांगितली, तर ‘ही संख्या नाही’ असे उत्तर येते. युनिकोडमध्ये शून्य ते नऊ हे देवनागरी अंक ओळीने मांडलेले आहेत. त्यांना इंग्रजी अंकांत बदलायला दोन-तीन ओळींचा प्रोग्रॅम पुरतो. गटक्रमांक विचारणाऱ्या रकान्यात तेवढ्या ओळी घालायला हरकत नसावी, कारण शेतकऱ्याच्या हातातल्या सातबाऱ्यावर तो देवनागरीत असू शकतो.