समुद्राविना बेटे : नरनाळा आणि गाविलगड

वऱ्हाडाला समुद्र नाही. तरीही बेटाची बरीच लक्षणे अंगी असलेले दोन दुर्ग त्याच्या उत्तर सीमेवर, सातपुड्याच्या मेळघाट भागात उभे आहेत. अकोला जिल्ह्यातील नरनाळा आणि अमरावती जिल्ह्यातील गाविलगड यांच्या पायथ्यालगतची गाळाची चिंचोळी पट्टी ओलांडली की पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा, म्हणजे भूजल खारट असलेला प्रदेश, सुरू होतो. खाऱ्या पाण्यातल्या बेटाप्रमाणेच या किल्ल्यांना आपले गोडे पाणी आपल्याच माथ्यावर साठवावे लागले.

बेटाचा आकार जसा किनाऱ्याने चालल्याशिवाय उमगत नाही, तसा या दुर्गांचा आकार तटाच्या कडेने पायी फिरल्यावरच कळतो, कारण कडा जिथे वळतो तिथे भिंत वळते आणि कडा तुटतो तिथे बुरूज उभा राहतो. दरवाजा पाहून परतणाऱ्याला किल्ल्याची शोभा दिसते, रचना दिसत नाही. नरनाळा हा वस्तुतः तीन किल्ल्यांचा समूह आहे : पूर्वेस जाफराबाद, मध्ये नरनाळा आणि पश्चिमेस तेलियागड. माथ्यावरील तलाव आणि दगडात बांधलेली झाकलेली टाकी, म्हणजे पावसाचे पाणी साठवणारे हौद, यांच्या भरवशावर येथील शिबंदी उन्हाळा काढत असे. शहानूर गावाकडून चढताना काळ्या बेसाल्टची सवय झालेल्या नजरेला महाकाली दरवाजाचा पांढरट वालुकाश्म एकदम वेगळा भासतो. कमळांची नक्षी, बाहेर झुकलेले सज्जे आणि पहारेकऱ्यांच्या देवड्या असलेल्या या दरवाजावरील अरबी शिलालेख बहमनी सुलतान महमूदशहाच्या काळातील, १४८७ सालचा आहे. तेव्हा वऱ्हाडचा सुभेदार असलेला फतहुल्ला इमादुल्मुल्क लवकरच अचलपुरी स्वतंत्र झाला. हा दरवाजा त्याच्याच वाढत्या सामर्थ्याची खूण मानावा लागतो. तटावरील नवगजी तोफ प्रेक्षकांना अधिक आवडते, परंतु किल्ला जगवला तो टाक्यांनी.

गाविलगड मात्र पूर्ण बेट नाही, द्वीपकल्प आहे. बहमनी अहमदशहाने १४२५ मध्ये उभारलेल्या या दुर्गाच्या दक्षिणेस उभा कडा आहे, पण उत्तरेस एका अरुंद मानेने तो पठाराला, म्हणजे आजच्या चिखलदऱ्याला, जोडलेला आहे. आजचा प्रवासी ज्या सोप्या वाटेने आत येतो, तीच गडाची दुखरी बाजू होती. १८०३ च्या डिसेंबरात नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यातील हा गड घेण्यासाठी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने स्वतः दक्षिणेकडे राहून कर्नल स्टीव्हन्सनला उत्तरेकडे धाडले. सुमारे तीस मैल डोंगरातून आधी रस्ता फोडत आणि मग जड तोफा माणसांच्या हातांनी ओढत ती तुकडी या मानेपाशी पोचली. तटाला भगदाड पडून १५ डिसेंबरला हल्लेखोर आत शिरले, तेव्हा त्यांच्यापुढे दरीपलीकडची दुसरी, आतली भिंत उभी राहिली. तोफा तेथे निरुपयोगी होत्या. कॅप्टन कॅम्पबेलच्या हाताखालील सैनिक दरी उतरून शिड्यांनी त्या भिंतीवर चढले आणि त्यांनी आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला, आणि दोनच दिवसांनी देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेकडील आपला बहुतेक मुलूख सोडला.