ओल ही नशिबाची गोष्ट नव्हे
(जुन्या इमारतीतील रहिवाशांच्या सभेत दिलेले भाषण)



मुंबईत वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने काँक्रीटच्या २०७ चाळी उभारल्या. त्यांत आपल्या अनेक कुटुंबांच्या पिढ्या वाढल्या. छताचे पोपडे, उघड्या पडलेल्या गंजक्या सळया आणि पावसाळ्यात खोलीभर मांडलेली पातेली यांची त्यांना नव्याने ओळख करून देण्याची गरज नाही. काँक्रीट अमर आहे ही समजूत त्या चाळींनी खोटी ठरविली.

काँक्रीट का खचते? ताज्या काँक्रीटमधील चुन्याचा गुण आतील सळईचे गंजापासून रक्षण करतो. हवेतील कर्बवायू हळूहळू आत शिरून हा गुण नाहीसा करतो. समुद्रकाठी मीठही हे कवच भेदते. त्यात ओल मिळाली की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, आतून रेटा देतो आणि काँक्रीटचा थर फुटून खाली कोसळतो. तेव्हा भिंतीवरचा डाग हा रोग नव्हे, रोगाचे लक्षण आहे. त्यावर रंग फासणे म्हणजे रोग झाकणे होय.

म्हणून पहिले काम उगम शोधण्याचे. ओल केवळ पावसाळ्यात दिसत असेल तर गच्ची, कठडा व बाहेरच्या भेगा तपासा. बारा महिने दिसत असेल तर मोरी, संडास व नळ तपासा. आमच्या इमारतीत दोन शेजारी वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. खालच्यांचा रोष वरच्यांच्या मोरीवर होता. अखेर वरच्यांनी आठ दिवस मोरी बंद ठेवली, तरी ओल वाढतच राहिली. दोष भिंतीबाहेरील सांडपाण्याच्या फुटक्या नळाचा निघाला. जे संशयाने वर्षभर सुटले नाही, ते परीक्षेने आठ दिवसांत सुटले.

दुसरे काम दुरुस्तीचे. सैल काँक्रीट पूर्ण काढावे, सळईचा गंज घासून तिला गंजरोधक लेप द्यावा, मगच नवा थर चढवावा. सळई फार झिजली असल्यास इंजिनियरचा सल्ला घेतल्यावाचून हात लावू नये. गच्चीवरील पाणी वाहून जाण्याची तोंडे मोकळी ठेवावीत. भेगेत उगवलेले पिंपळाचे रोप लहान असतानाच काढावे. बोधिवृक्षाची जागा मोकळ्या जमिनीत आहे, गच्चीच्या भेगेत नव्हे.

तिसरी गोष्ट हक्काची. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाचे पाणी गच्चीतून गळून वरच्या मजल्यावरील छत व गिलावा खराब झाल्यास त्याच्या दुरुस्तीचा खर्च संस्थेचा आहे. तसेच १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची संरचना-तपासणी दर ५ वर्षांनी, आणि त्याहून जुन्या इमारतीची दर ३ वर्षांनी करावयाची असते. तेव्हा वरच्या मजल्यावरील कुटुंबाने कोणाची विनवणी करीत बसू नये. लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि सभेत उत्तर मागावे.

मात्र हक्काबरोबर कर्तव्यही येते. जी एकाची जमीन तेच दुसऱ्याचे छत आहे. दुरुस्तीच्या वर्गणीत जो टाळाटाळ करतो, तो शेजाऱ्याच्या मुलांच्या डोक्यावर धोका टांगून ठेवतो. आपण वाद घालीत थांबलो तरी गंज थांबत नाही. म्हणून पाऊस सुरू होण्यापूर्वी सर्वांनी एकत्र गच्चीवर जा आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, एवढेच माझे सांगणे आहे.