पुरुषांचं ‘ताकदीचं’ इंजेक्शन

आज घरच्या पुरुषांबद्दल बोलायचंय. हा विषय आपण चारचौघींत काढत नाही, म्हणून रेडिओवर काढतेय.

कोकणातल्या, साताऱ्याकडच्या कितीतरी घरांचा एक पाय लालबाग-परळात असतो. गणपतीला माणूस गावी आला की बायकोला जाणवतं, हे फार थकतात, चिडतात, जवळ येत नाहीत. मग कुणीतरी सुचवतं, ‘ताकदीचं इंजेक्शन’ घ्या!

त्यात टेस्टोस्टेरॉन असू शकतं. पुरुषाच्या अंडकोषात तयार होणारं हे संप्रेरक. दाढी-मिशी, हाडं, स्नायू, इच्छा, सगळ्याला ते लागतं. ते बनवायचा हुकूम मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी देते. मोठेपणी गालगुंड होऊन अंडकोष सुजले, त्या ग्रंथीत गाठ झाली, वजन किंवा मधुमेह वाढला, तर ते कमी पडू शकतं. पण थकवा रक्त कमी असल्यानं, थायरॉईडनं, अपुऱ्या झोपेनंही येतो. म्हणून आधी रक्ततपासणी. तीही सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, आणि कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.

खरंच कमी असेल तर हे इंजेक्शन चांगलं औषध आहे. काही प्रकार दोन-तीन आठवड्यांनी घ्यायचे, एक प्रकार साधारण तीन महिन्यांनी. मधूनमधून रक्त तपासावं लागतं, कारण रक्त घट्ट होऊ शकतं. वयस्कांची प्रोस्टेटही तपासतात.

आता नीट ऐका. मूल हवं असेल तर हे इंजेक्शन घेऊ नये. बाहेरून संप्रेरक मिळालं की पीयूषिका हुकूम देणं थांबवते आणि शुक्रजंतू बनणं मंदावतं, कधी पार थांबतं. सुई बंद केल्यावर ते परत यायला बरेच महिने लागतात. इकडे नवरा ताकद वाढवतोय आणि तिकडे सासू सुनेला नवस करायला लावतेय, असं व्हायचं! मूल हवं असलेल्यांसाठी उपचार वेगळे असतात. म्हणून डॉक्टरांना पहिल्यांदा हेच सांगायचं.

परळच्या केईएममध्ये संप्रेरकांच्या विकारांचा स्वतंत्र विभाग आहे. १९२६ पासूनचं हे पालिकेचं रुग्णालय. माणूस मुंबईतच असेल तर त्याला तिथं जायला सांगा. आधीचे रिपोर्ट न्यायचे, आणि सुई घेतली असेल तर तिची रिकामी बाटलीसुद्धा.