धानाचे बियाणे कोणाच्या मालकीचे?
(रायपूरच्या धानसंपदेविषयीचे भाषण)



रायपूरच्या परिसरातील शेतकरी जमिनीचा उतार पाहून धान पेरीत आला. उंचावरील मुरमाड भाटा जमिनीत पाणी टिकत नाही. तेथे लवकर पिकणारे वाण. मटासी व डोरसा जमिनीत मध्यम मुदतीचे, तर सखल काळ्या कन्हारात उशिरा पिकणारे. पावसाने दगा दिला तरी सर्व पीक एकाच वेळी बुडत नसे. ‘उतेरा’ पद्धतीत उभ्या धानातच लाखोळी पेरली जाते. तिच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीला देतात. विविधता राखणे आणि जमिनीतून घेतलेले जमिनीला परत करणे, हे निसर्गनियम श्रमिकांनी अनुभवातून आत्मसात केले होते.

या ज्ञानाची नोंद डॉ. आर. एच. रिछारिया यांनी केली. कटकच्या केंद्रीय तांदूळ संशोधन संस्थेचे संचालक असताना त्यांनी परदेशी बियाण्याच्या अनिर्बंध आयातीस विरोध केला आणि त्यांना पद गमवावे लागले. पुढे १९७० च्या दशकात रायपूर येथे त्यांनी गावोगावचे हजारो देशी वाण गोळा केले. ती संशोधन संस्थाही बंद करण्यात आली. संग्रह मात्र रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाकडे आला.

२००२ मध्ये सिंजेंटा या स्विस बहुराष्ट्रीय कंपनीने विश्वविद्यालयाशी करार करण्याचा घाट घातला. करार झाला असता, तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमाचे फळ कंपनीच्या हाती लागले असते. शेतकरी संघटना व नागरिक रस्त्यावर उतरले आणि त्याच वर्षी कंपनीला माघार घ्यावी लागली.

तथापि, शीतगृहात जपलेले बी म्हणजे शेतात जगलेले बी नव्हे. सरकारी खरेदी वजनावर होते. म्हणून कर्जबाजारी छोटा शेतकरी कमी उतारा देणारा देशी वाण सोडतो. यात दोष त्याचा नाही. अधिक उत्पादनास विरोध करणे हाही यावर उपाय नव्हे. भांडवली शेती श्रमिक आणि जमीन या दोघांचेही शोषण करते, हे मार्क्सने दाखवून दिले आहे. म्हणून दोघांच्या रक्षणाचा लढा एकच आहे.

बियाणे राखण्याचा व देवघेवीचा हक्क २००१ च्या कायद्याने मान्य केला आहे. तो प्रत्यक्षात आणण्यासाठी देशी वाणांना रास्त भाव, संग्रहातील बियाणे गावांना परत आणि सार्वजनिक संशोधनास पुरेसा निधी, या मागण्या किसान चळवळीने हाती घेतल्या पाहिजेत. करार संघर्षाने रोखला गेला. बियाणे शेतात परत येईल तेही संघर्षानेच!