हुकुमाचाही फेरफार करावा लागतो

श्रोतेहो, जमीन विकली गेली, नव्या धन्याचा नांगर तिच्यात चालू लागला, तरी फेरफार नोंदवला नाही तर सातबाऱ्यावर जुनेच नाव राहते. पुढचे भांडण त्या नावावरून होते, हे आपण सारे जाणतो. न्यायालयाच्या हुकुमाचेही असेच असते. ते मात्र आपण विसरतो, आणि झळ लागते ती लहान मुलाला.

समजा, एका जोडप्याचा घटस्फोट झाला. मुलगा बापाकडे राहील असे हुकूमनाम्यात ठरले, म्हणून त्याच्या खर्चापोटी आईला काही मिळायचे कारण नव्हते. दोन वर्षांनी बापाने दुसरे लग्न केले आणि मुलगा कपड्यांची पिशवी घेऊन आजोळी, आईकडे आला. आता वह्या, कपडे, औषधपाणी, सारे आईच्या मजुरीतून. तिला विचारावे तर ती म्हणते, "कोर्टानं एकदा ठरवलं, आता काय बोलायचं?"

बोलायचं तर आहेच, आणि तेही कोर्टातच बोलायचं आहे.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. दोन मुलांना दरमहा तीन-तीन हजार ठरले आणि बेरीज सहाऐवजी पाच हजार लिहिली गेली, तर ती लेखणीची चूक. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 152 प्रमाणे ती केव्हाही दुरुस्त करून मिळते. पण मुलाचे घर बदलले, ही लेखणीची चूक नव्हे. हुकूम त्या दिवशी बरोबरच होता, परिस्थिती पालटली. त्यासाठी 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम 26 आहे. मुलांचा ताबा, निर्वाह आणि शिक्षण यांबद्दलचा हुकूम न्यायालय घटस्फोटानंतरही वेळोवेळी बदलू शकते. ज्या न्यायालयाने घटस्फोट दिला तिथे अर्ज करावा, आणि ताबा व खर्च ही दोन्ही मागणी त्यात करावी. फौजदारी न्यायालयाने पोटगी ठरवली असेल, तर 2023 च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 146 खाली रकमेत बदल मागता येतो. तिथे धर्माची अट नाही.

कित्येकदा दोन्हीकडची वडीलधारी माणसे बसून स्टँपपेपरवर नवे ठरवून टाकतात. समेट चांगलाच, पण तेवढ्याने हुकूम बदलत नाही. तो कागद न्यायालयापुढे ठेवून त्यावर नवा हुकूम घ्यावा लागतो. "मला काही नको" असे आईने घटस्फोटाच्या वेळी लिहून दिले असेल, तरी ती तिची स्वतःची गोष्ट. त्याने मुलाचा हक्क सुटत नाही.

उलट प्रसंगही येतो. बाप पोटगी भरतो आहे आणि मूल त्याच्याकडेच राहायला आले. अशा वेळी त्याने आपल्याच मनाने पैसे बंद करू नयेत. हुकूम बदलेपर्यंत थकबाकी चढत राहते. लगेच अर्ज करावा. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, 1956 प्रमाणे मुलांना पोसण्याची जबाबदारी आई आणि बाप दोघांचीही आहे. फौजदारी न्यायालयाने ठरवलेली थकलेली पोटगी वसूल करायची असेल, तर ती देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज द्यावा लागतो. म्हणून थांबून राहणे कोणाच्याच हिताचे नाही.

वकिलाला पैसे कुठून आणायचे? स्त्रियांना आणि मुलांना, उत्पन्न कितीही असो, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडे जावे, किंवा 15100 या क्रमांकावर विचारावे.

आता शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती. मूल कोणत्या तारखेपासून कुठे राहते, याचा चांगला पुरावा पुष्कळदा तुमच्याच कपाटात असतो: जनरल रजिस्टर, हजेरीपट, शाळेचा दाखला. कुणाची बाजू घेऊ नका. नोंदीत असेल तेवढेच द्या, पण मागायला आलेल्या पालकाला हेलपाटे घालायला लावू नका.

मूल ज्या घरी जेवते, त्या घराची नोंद हुकुमात झाली पाहिजे. ती आपोआप होत नाही, करून घ्यावी लागते.