हँग होणारा काँप्युटर आणि मंडळाचा ठेवा

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी "काँप्युटरवर काहीतरी बोला" असे सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मी त्यातला तज्ज्ञ नव्हे. इथे जमशेदपुरात माझी सगळी नोकरी रोलिंग मिलच्या मेन्टेनन्समध्ये गेली. पण मंडळाच्या ऑफिसातला काँप्युटर बिघडला तेव्हा तो माझ्याच हाती होता. तेव्हा झालेली चूक सांगायची तर ती मीच सांगावी, म्हणून उभा राहिलो आहे.

हा काँप्युटर आपण २०१९ साली वर्गणीतून घेतला. सभासदांची यादी, पावत्या, जमाखर्च सगळे त्यात असते. शिवाय २०२० च्या लॉकडाऊनमध्ये उत्सव घरच्या घरी करावा लागला, तेव्हा आपल्या दोन सभासदांनी रिकाम्या वेळेत जुन्या कॅसेट्स त्यात उतरवून घेतल्या. नाटके, भजने, मुलांची भाषणे, काकूंच्या ओव्या अशी एकूण १८६ ध्वनिमुद्रणे. बुरशी धरलेल्या कॅसेट्स नंतर टाकून दिल्या. सगळे "काँप्युटरमध्ये आहे" म्हणून आपण निश्चिंत होतो.

विंडोज १० ची मोफत सुरक्षा अद्ययावने १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाली. सभासदांचे पत्ते आणि बँकेचे तपशील असलेले यंत्र तसेच ठेवणे बरे नव्हे, म्हणून नोव्हेंबरात मी त्यावर विंडोज ११ चढवले. प्रोसेसर चालणारा होता, मेमरी ८ जीबी होती, त्यासाठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोयही होती. काम सुरळीत पार पडले. तिसऱ्या दिवशी खजिनदारांचा फोन आला, "अहो, तुम्ही ते नवीन घातलंत आणि हा हँग व्हायला लागला. पावती निम्मी छापून थांबतो!"

झाले! कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. सगळ्यांनी ठरवून टाकले की दोष नव्या विंडोजचा. मीही तेच धरून चाललो. इथेच माझे चुकले.

पहिले चार दिवस मी काय केले? डिस्प्लेचा ड्रायव्हर बदलला, अँटिव्हायरस काढला, प्रिंटर काढून परत जोडला, तेही सगळे एकाच दिवशी. प्लांटमध्ये एखाद्या पोराने मोटर ट्रिप होते म्हणून एका दमात चार वस्तू बदलल्या असत्या, तर मी त्याला फैलावर घेतले असते. चारातल्या कशाने फरक पडला हे मग कळतच नाही. आणि दर वेळी हँग झाला की बटण दाबून बंद करायचे, असे दहा-बारा वेळा केले असेल.

पाचव्या दिवशी वही घेऊन बसलो आणि नुसते बघितले. काँप्युटर हँग होतो म्हणजे नेमके काय होते? माउसचा बाण हलतो का? कॅप्स लॉकचा दिवा लागतो-विझतो का? दोन्ही बंद असतील तर सगळे यंत्रच गोठलेले असते. आमच्याकडे बाण हलत होता, पण खिडक्या उघडत नव्हत्या आणि डिस्कचा लाल दिवा सारखा पेटलेला. दोन-तीन मिनिटांनी अडकलेले सगळे एकदम व्हायचे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला, तर प्रोसेसर निवांत आणि डिस्क १०० टक्के.

नवीन प्रणाली घातल्यावर एक-दोन दिवस डिस्क कामात असतेच. मागे अद्ययावने उतरत असतात, फाइलींची सूची बनत असते. म्हणून रात्रभर चालू ठेवला. सकाळी तेच. मग सेफ मोडमध्ये सुरू केला. त्यात अगदी गरजेपुरतेच ड्रायव्हर चालतात. तिथे हँग होणे थांबले, तर संशय ड्रायव्हरवर किंवा आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमवर घ्यावा. आमचा तिथेही अडकला. म्हणजे रोग बहुधा यंत्रातच. पंख्याची धूळ काढली, मेमरी तपासली, ती चांगली निघाली. शेवटी इव्हेंट व्ह्यूअर उघडला. विंडोज त्यात आपल्या तक्रारी लिहून ठेवते. त्यात डिस्कवर खराब ब्लॉक असल्याची नोंद ओळीने होती. पहिली नोंद नवे विंडोज चढवण्याच्या सात आठवडे आधीची!

म्हणजे हार्ड डिस्क आधीपासूनच आजारी होती. खराब जागेवरचे वाचता आले नाही की डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, आणि तोवर बाकी सगळे खोळंबते. विंडोज ११ चढताना कित्येक जीबींच्या नव्या फाइली लिहिल्या गेल्या, डिस्कच्या एरवी न वापरलेल्या भागावर काम गेले, आणि झाकलेले दुखणे उघडे पडले. फांदी आधीच किडलेली होती.

एक तरुण सहकारी म्हणाला, "काका, फॉरमॅट मारून टाकू." त्याची कळकळ खरी होती, पण ध्वनिमुद्रणे त्याच डिस्कवर होती. डिस्कची दुरुस्ती करणारी तपासणीही मी थांबवली, कारण मरायला टेकलेल्या डिस्कला ती सगळी वाचायला लावते. आधी प्रत काढायची, मग औषध. बाहेरची डिस्क जोडून आम्ही दोघे दोन रात्री बसलो. आधी ध्वनिमुद्रणे, मग हिशेब, मग बाकीचे.

१८६ पैकी १८२ आली. तीन तुटक आली, ती ऐकण्याजोगी आहेत. एक आलेच नाही. १९९८ च्या उत्सवात आपल्या एका काकूंनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या. काकू आता नाहीत. ओव्या त्यांना त्यांच्या आईकडून आल्या होत्या, वहीत कुठे उतरवलेल्या नाहीत. पहिल्याच दिवशी प्रत काढली असती तर ती फाइल वाचली असती का? कदाचित. त्या चार दिवसांत मी दहा-बारा वेळा बटण दाबले, ते माझ्या मनातून जात नाही.

मग नवी एसएसडी बसवली, विंडोज ११ नव्याने घातले. तोच काँप्युटर, तीच प्रणाली. तेव्हापासून एकदाही हँग नाही. खजिनदारांनी मला पेढा दिला, तो मी निमूट खाल्ला.

तुमच्या घरी असे झाले तर कारण वेगळे असू शकेल. जुना ड्रायव्हर, एकावर एक दोन अँटिव्हायरस, काठोकाठ भरलेला सी ड्राइव्ह, धुळीने कोंडलेला पंखा. पडदाच गोठला तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणे एकत्र दाबून बघा, डिस्प्लेचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. नवी प्रणाली खरोखरच मानवत नसेल, तर सेटिंग्जमधून जुन्या प्रणालीकडे परत जाता येते, पण साधारण १० दिवसांच्या आतच. हे सगळे नंतर. आधी प्रत काढा, मग बघा, लिहून ठेवा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

आता मंडळाच्या ठेव्याच्या तीन प्रती आहेत. एक ऑफिसात, एक खजिनदारांच्या कपाटात आणि एक इंटरनेटवरच्या साठ्यात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत काढायचे काम मी अंगावर घेतले आहे, आणि ती उघडून ऐकायचेही. न उघडलेली प्रत म्हणजे न मोजलेली रोकड.

शेवटी एक विनंती. १९९८ च्या उत्सवात त्या संध्याकाळी कोणी घरच्या टेपरेकॉर्डरवर ओव्या टिपल्या असतील, कोणाच्या माळ्यावर, माहेरच्या ट्रंकेत ती कॅसेट पडली असेल, तर कृपा करून ऑफिसात आणून द्या. बदली होऊन पुण्याला, भिलाईला, बंगळूरला गेलेल्या आपल्या मंडळींनाही विचारा. कॅसेट खराब असली तरी चालेल. टाकून मात्र देऊ नका.

गणपती बाप्पा मोरया!